तीन मिलिमीटरची भर

आई : आठ कसे असतील? परत मोजा.

डॉक्टर : दोनदा मोजलं. वरचे पुढचे दात खालच्या दातांच्या आठ मिलिमीटर पुढे आहेत. सुरुवातीला अकरा होते. सात महिन्यांनी मला चारच्या आसपास हवं होतं.

आई : म्हणजे सात महिने पोरीनं तोंडात विटा घेऊन काढले आणि खालचा जबडा पुढे आला तो एवढासाच.

डॉक्टर : एवढासाच. म्हणून आज तुम्हा दोघांना एकत्र बोलावलं.

आई : तेवढंच चुकलं बघा तुमचं.

डॉक्टर : मुलगी बाहेर बाकावर आहे तोवर सरळ विचारते. दिवसातले किती तास घालते ती ते जबडा पुढे धरणारे ब्लॉक?

आई : शाळा सोडली तर सगळे. जेवतानासुद्धा काढत नाही. सोमवार ते गुरुवार मी डोळ्यांत तेल घालून बघते. शुक्रवारी ठकी शाळेतून परस्पर त्यांच्याकडे जाते, ती सोमवारी शाळा करून माझ्याकडे परत. मधल्या तीन दिवसांचं त्यांना विचारा.

बाबा : मी इथेच बसलोय.

आई : डॉक्टर, त्यांना विचारा, त्या तीन दिवसांत ब्लॉक तोंडात असतात की डबीत.

डॉक्टर : मी दातांची डॉक्टर आहे, दुभाषी नाही. तुमच्या दोघांच्या मध्ये एकच खुर्ची आहे, तीही रिकामी.

बाबा : तोंडात असतात, मॅडम. झोपताना, जेवताना, अभ्यास करताना. रोज झोपायच्या आधी मी स्वतः ब्रशनं घासून देतो. पंधरा वर्षं दातांच्या लॅबमध्ये लोकांच्या पोरांचे ब्लॉक बनवतोय मी. तुम्ही लिहून पाठवता त्या कागदांवरूनच बनवतोय. माझ्याच पोरीचा डबीत राहू देईन?

आई : लोकांच्या पोरांचं त्यांनी नेहमीच फार मनापासून केलंय.

डॉक्टर : मुद्द्यावर येऊ. वेळ कमी आहे, आणि माझा नाही, तिचा. हा तिच्या मानेचा आजचा एक्स-रे. ह्या मणक्यांच्या आकारावरून शरीराची वाढ किती उरलीय ते कळतं. जबडा काही मी ओढून लांब करत नाही. तो वाढत असतो तेव्हा त्याला पुढे धरून ठेवायचं, एवढंच आपल्या हातात असतं. वाढ थांबली की धरून उपयोग नाही.

आई : किती उरलीय?

डॉक्टर : सहा महिने. फार तर आठ. पाळी सुरू होऊनही पाच महिने झाले म्हणालात ना?

आई : हो.

बाबा : पाच महिने दहा दिवस. माझ्याकडे होती तेव्हा आली.

आई : तारखा पाठ आहेत. लग्नाची एकदाही आठवली नाही.

डॉक्टर : हे सहा महिने गेले की मग अठराव्या वर्षी शस्त्रक्रिया. खालच्या जबड्याचं हाड दोन्ही बाजूंनी कापायचं, पुढे सरकवायचं, पट्ट्या आणि स्क्रू लावून पक्कं करायचं. चांगली होते ती, घाबरवत नाही मी. पण टाळता येत असेल तर टाळायची. आणि तोवर सहा वर्षं ही मुलगी तोंडावर हात धरून हसणार. मघाशी माझ्या मदतनीस बाईंनी काहीतरी विनोद केला, तेव्हा आधी हात वर गेला, मग हसू आलं.

बाबा : मला माहीत आहे ते.

आई : मलाही माहीत आहे. शस्त्रक्रिया नको, ह्यावर आमचं एकमत आहे. लिहून घ्या, परत होणार नाही.

डॉक्टर : तर तीन रस्ते आहेत. पहिला, आहे तोच. वर एक प्लेट, खाली एक, दोन्हींवर तिरके उतार. तोंड मिटलं की उतार एकमेकांवर घसरतात आणि खालचा जबडा पुढेच बसतो. काढता येतो, घासता येतो. अट एकच, घातला पाहिजे. दुसरा, दाढांना टोपणं चिकटवून पक्का बसवायचा. दोन्ही बाजूंना एक नळी आणि तिच्यात सरकणारा दांडा. तोंड उघडलं की सरकतो, मिटलं की जबड्याला मागे जाऊ देत नाही. तो फक्त मीच काढू शकते. तिसरा, आधी सगळ्या दातांना तारा लावायच्या आणि त्या तारांवर स्प्रिंगा.

आई : दुसरा.

बाबा : अगं, ऐकून तरी घे पूर्ण.

आई : फक्त डॉक्टर काढू शकतात, एवढं ऐकलं. मला पुरे आहे.

बाबा : मॅडम, त्याचा दांडा निखळला तर? सुट्टीच्या दिवशी निखळला तर? लॅबमध्ये परत येतात ते बघतो ना मी. दर दोन-तीन महिन्यांनी एखादं टोपण सुटून येतंच. गालाला आतून चरे पडतात. पोरं पहिले आठ दिवस नीट जेवत नाहीत. आणि खालचे पुढचे दात बाहेर झुकतात ते वेगळंच.

डॉक्टर : दात ब्लॉकनंही झुकतात.

बाबा : कमी.

डॉक्टर : थोडे कमी, मान्य. गालांचंही खरं, पहिले दोन आठवडे त्रास होतो. मोडतो हेही खरं. कडक काही चावायचं नाही, सफरचंदसुद्धा फोडी करून. पण तो चोवीस तास काम करतो आणि कुणाच्या आठवणीवर अवलंबून राहत नाही.

आई : कुणाच्या घरावरही.

बाबा : हिला जबड्याचं पडलेलं नाही, मॅडम. हिला एवढंच दाखवायचंय की माझ्या घरी धड काही होत नाही.

आई : दाखवायला कशाला हवं? आठ मिलिमीटर आलंय की समोर.

डॉक्टर : आणि स्प्रिंगांचं काय, ते कुणीच विचारलं नाही.

आई : सांगा.

डॉक्टर : त्यांना मीच नको म्हणते. तारा लावून दात जागेवर यायलाच पाच-सहा महिने जातात, आणि तेवढेच आपल्याकडे आहेत. स्प्रिंगा लावेपर्यंत धरून ठेवायला वाढ उरायची नाही.

बाबा : मग ब्लॉकच ठेवू. मी नवा करतो, मॅडम. उतार पुन्हा धारेवर घेतो, तारेचे आकडे दोन जास्त घालतो म्हणजे बोलताना हलणार नाही. गुरुवारपर्यंत देतो करून.

आई : करून देतो. ह्यांना सगळं करूनच द्यायचं असतं. स्वयंपाकघरात एक कपाट करून दिलं होतं, त्याचं दार आजतागायत लागत नाही. पाय मध्ये घालून बंद ठेवते मी.

बाबा : बिजागरी तू स्वस्तातली आणलीस.

आई : बघा. बिजागरीसुद्धा माझीच.

डॉक्टर : एक मिनिट. आज तिनं तोंडातून काढून दिला तो हा. जरा दिव्याखाली या दोघंही. इथे, वरच्या ब्लॉकच्या उतारावर, काहीतरी चिकट लागलंय.

आई : रोज घासून देतो म्हणाले ना.

बाबा : काल झोपताना घासलाय. लख्ख होता.

डॉक्टर : अन्न नाही हे. डिंकासारखं आहे. खरवडलं तर निघतंय. असो. थांबा, भर कुठेय?

बाबा : कसली भर?

डॉक्टर : चौथ्या महिन्यात ह्या उतारावर मी तीन मिलिमीटरची भर घातली होती. एका दमात जबडा एवढा पुढे आणता येत नाही, मुलांना तोंडच मिटवत नाही. म्हणून आधी सहा मिलिमीटर, आणि त्याची सवय झाली की आणखी तीन. गुलाबी ॲक्रिलिकनं घातली होती. तुमच्या लॅबचं निळं असतं, माझ्याकडचं गुलाबी. हा सगळाच्या सगळा निळा आहे.

आई : आमच्याकडचा निळा-गुलाबी आहे.

डॉक्टर : तुमच्याकडचा म्हणजे?

आई : म्हणजे माझ्या घरचा. हा त्यांच्या घरचा.

डॉक्टर : मी एकच दिला होता. हा माझा ब्लॉक नाही. दोघांपैकी कुणीतरी बोला.

बाबा : मी बनवला. पहिल्या मापाचा प्लास्टरचा साचा लॅबमध्ये होताच. जबडा पुढे आणून तुम्ही मेणात घेतलेला चाव्याचा ठसाही होता. त्यावरच बनवला. तंतोतंत.

डॉक्टर : मला न विचारता.

बाबा : तुमच्याच मापावर, मॅडम. केसाचा फरक नव्हता.

डॉक्टर : चौथ्या महिन्यापर्यंत नव्हता.

बाबा : का बनवला ते हिला विचारा. ठकी शाळेत ब्लॉक नेत नाही.

डॉक्टर : शाळेची सूट मी दिली होती. शब्द बोबडे येतात, मुलं चिडवतात.

बाबा : मग शुक्रवारी काय होतं? ब्लॉक हिच्या घरी आणि शाळा सुटल्यावर पोरगी माझ्या घरी. पहिल्याच शुक्रवारी फोन केला. म्हटलं, येऊन घेऊन जातो. म्हणाली, "तुझे दिवस, तुझी जबाबदारी." आणि ठेवला फोन.

आई : मी कामावर होते. समोर माणसं रांगेत उभी होती.

बाबा : आणि दुसऱ्या शुक्रवारी?

आई : दुसऱ्या शुक्रवारी घरी होते.

बाबा : दार उघडलं नाहीस.

आई : नाही उघडलं. दारात उभं राहून तू काय काय बोलतोस ते वरच्या मजल्यापर्यंत पाठ झालंय लोकांना.

डॉक्टर : म्हणजे दुसरा ब्लॉक आहे, हे तुम्हाला माहीत होतं.

आई : ठकीनं सांगितलं, बाबानं एक करून दिला. मला वाटलं तुमच्याच सांगण्यावरून असेल. लॅबचा माणूस, तुमचंच काम करतो. मी काय त्यातलं समजते?

डॉक्टर : मी भर घातली तेव्हा तुम्ही खुर्चीशेजारी उभ्या होतात. दुसऱ्यालाही घालायला हवी, असं मनात आलं नाही?

आई : त्या घरातली कुठलीच वस्तू माझ्या मनात येत नाही. तशी सवय लावून घेतलीय मी.

डॉक्टर : म्हणजे गेले तीन महिने, चार दिवस जबडा पुढे आणि तीन दिवस परत मागे. आठवड्यामागून आठवडे. स्नायूंना कुठे थांबायचं तेच कळलं नसणार.

बाबा : एक ओळ लिहायची होतीस. वहीत एक ओळ.

डॉक्टर : कसली वही?

बाबा : आम्ही बोलत नाही, मॅडम. ठकीच्या दप्तरात एक वही असते. ताप, औषध, शाळेची सूचना, जे काही असेल ते त्यात लिहायचं आणि पोरीबरोबर पाठवायचं. तिची पाळी आली तेव्हा मी अर्धं पान लिहिलं. किती वाजता, पोटात किती दुखलं, काय दिलं, सगळं. आणि तुम्ही भर घातलीत त्या आठवड्यात हिनं काय लिहिलं? "दातांच्या डॉक्टरांना दाखवून आणलं." बास. पुढे पूर्णविराम. "भर घातली" एवढं लिहिलं असतंस तर माझं पंधरा मिनिटांचं काम होतं. त्याच संध्याकाळी घातली असती मी. पंधरा मिनिटं.

आई : पूर्वी लिहायचे मी. पानंच्या पानं लिहायचे.

बाबा : मग कुणी अडवलं?

आई : तुझ्या वकिलानं. ती वही कोर्टात मोठ्यानं वाचली त्यानं. "आज फार दमले होते, ठकीवर ओरडले, नंतर वाईट वाटलं." मी तुला सांगितलं होतं ते, तिचा बाप म्हणून. कुणाला सांगणार दुसऱ्या? त्यानं ते अशा आवाजात वाचलं की मला वाटलं, अशी बाई असेल तर पोर काढूनच घ्यायला हवी तिच्याकडून. त्या दिवसापासून मी त्या वहीत असं एक अक्षर लिहीत नाही ज्याला शेपूट फुटेल. "दाखवून आणलं." वाच म्हणावं आता त्याला, चाल लावून.

बाबा : मी त्याला वाचायला सांगितलं नव्हतं.

आई : वही कुणी दिली त्याच्या हातात?

बाबा : मीच दिली.

डॉक्टर : आता माझंही सांगून टाकते, म्हणजे हिशेब तुमच्या दोघांतच राहणार नाही. भर मी खुर्चीवरच घातली. लॅबकडे पाठवली असती तर ह्यांना कळलं असतं. घाई होती, बाहेर सहा जण बसले होते. आणि तुम्हाला नेहमी मंगळवारची वेळ दिली, म्हणजे सात महिने मी एकच ब्लॉक बघत बसले. आज पहिल्यांदा शनिवार आला.

आई : तुमचं चुकलं म्हणून त्यांचं बरोबर होत नाही.

डॉक्टर : नाही होत. म्हणून आता मी तुमच्या दोघांकडून उत्तर घेत नाही. तिला विचारून येते.

आई : बारा वर्षांची आहे ती.

डॉक्टर : तोंड तिचं आहे. तुम्ही इथेच बसा. कशालाही हात लावू नका.

(डॉक्टर बाहेर जातात. दार ओढून घेतलेलं.)

आई : मी अर्ज करणार आहे.

बाबा : कसला?

आई : शुक्रवार, शनिवार, रविवार बंद करायचा. महिन्यातून एकदा भेट. बागेत, दोन तास.

बाबा : ह्या ब्लॉकवरून?

आई : डॉक्टरांना न विचारता पोरीच्या तोंडात वस्तू घातलीस. सात महिन्यांतले तीन फुकट घालवलेस. तुझ्या वकिलाला हे वाचताना किती मजा येते ते मला बघायचंय.

बाबा : मग मीही वही देईन पुन्हा. त्या दोन शब्दांच्या शेजारी डॉक्टरांचा कागद लावीन, भर कुठल्या तारखेला घातली त्याचा. आई खुर्चीशेजारी उभी होती, हेही.

आई : दे. तुला तेवढंच येतं.

बाबा : तू सुरुवात केलीस.

आई : मी? ही हनुवटी मी दिली तिला? माझ्या घरात सात पिढ्यांत कुणाचा जबडा आत नाही. तुझी आहे ती, आयती उचललीय तिनं. तू दाढीखाली लपवून बसलास.

बाबा : माहीत आहे मला कुणाची आहे ती.

आई : लग्नाआधी सांगायचं होतंस.

बाबा : शाळेत मला चोच म्हणायचे. दहावीपर्यंत मास्तर सोडले तर कुणी माझं नाव घेतलं नाही. कधी कधी मास्तरही विसरायचे. दाढी आली आणि सुटलो एकदाचा. तिला काय येणार आहे? सांग ना. म्हणून बनवला तो ब्लॉक. जेवणाच्या सुट्टीत बनवला, तीन दिवस. उतार असा घासला होता की आरशासारखा दिसत होता.

आई : आणि भर नसलेला.

बाबा : आणि भर नसलेला.

आई : पहिल्यांदा दाढी काढून आलास तेव्हा मी हसले होते.

बाबा : आठवतं. पोट धरून हसलीस.

आई : तेव्हा हसायला काही कारण लागत नव्हतं मला. नंतर तू मोडलीस ती सवय.

बाबा : झालं. दोन वाक्यं बरी बोललीस की तिसऱ्याला तुला खाज सुटते.

आई : आवाज खाली कर. बाहेर पोर बसलीय.

बाबा : तूच आधी—

डॉक्टर : (आत येत) दार पातळ आहे. दोघांचाही आवाज बाकापर्यंत येतो.

आई : काय म्हणाली ती?

डॉक्टर : आधी हे बघा. तिच्या कंपासपेटीत होतं.

बाबा : चिकटपट्टी आहे. कापडी. जखमेवर लावतात ती.

डॉक्टर : तुमच्याच घरच्या औषधांच्या डब्यातली. झोपायच्या आधी तुम्ही ब्लॉक घासून देता. तिच्या खोलीत गेली की ती ह्या पट्टीचे दोन तुकडे कापते, प्रत्येकाच्या चार घड्या घालते आणि वरच्या ब्लॉकच्या दोन्ही उतारांवर चिकटवते. दुसऱ्या दिवशी तुम्ही घासायला मागितला की आधी मोरीत जाऊन काढून टाकते. नंतर पुन्हा नवीन लावते. आज इथे यायच्या आधी काढली, पण डिंक राहिला.

आई : कशासाठी पण?

डॉक्टर : दोन घरांतले ब्लॉक सारखे बसत नाहीत, हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं. मी भर घातली त्याच आठवड्यात. सोमवारी हा निळा दप्तरात घालून तुमच्याकडे आणला, दोन्ही शेजारी शेजारी ठेवले आणि शाळेच्या पट्टीनं मोजले. फरक तीन मिलिमीटर. मग किती घड्या घातल्या की तीन होतात, ते शोधत बसली. आधी वहीचा पुठ्ठा लावून पाहिला, तो भिजून लगदा झाला. खोडरबर लावून पाहिलं, ते घसरलं. मग ही पट्टी.

बाबा : दोन्ही बाजूंना सारख्या घड्या?

डॉक्टर : सारख्या. मला करून दाखवल्या. एका बाजूला जास्त झालं तर जबडा वाकडा जाईल, हे तिचं तिनंच ताडलं.

बाबा : ते खरं आहे. तसंच होतं.

डॉक्टर : चावलं की पट्टी दबते, निम्मीच उरते. आणि झोपेत ती सुटून घशात गेली असती तर काय झालं असतं, ते मी तिला आवाज चढवून सांगितलंय. पण आठ तरी आलेत ते बहुधा ह्या पट्टीमुळे. नाहीतर नऊच्या पुढेच असते.

आई : मला सांगायचं ना. रोज माझ्या समोर जेवते, माझ्या शेजारी झोपते. मला नुसतं म्हणायचं.

डॉक्टर : मीही तेच विचारलं. म्हणाली, सांगितलं असतं तर कुणाचा चुकीचा आहे ते सांगावं लागलं असतं.

बाबा : माझा होता. माझाच होता चुकीचा. म्हणायचं होतं तिनं.

आई : आता कशाला बोलतोस ते.

डॉक्टर : पुढचं ऐका. तिला पक्का बसवायचाय.

आई : मी पहिल्यापासून तेच—

डॉक्टर : तुमच्या कारणासाठी नाही. गालाला चरे पडतील, सगळं फोडी करून खावं लागेल, मोडला तर धावत यावं लागेल, काही लपवलं नाही मी. सगळं ऐकून तिनं एकच विचारलं. दोन्हीकडे तोच राहील ना? म्हटलं, हो, तोंडातच असणार. म्हणाली, मग तोच द्या.

बाबा : टोपणं मी करीन, मॅडम. दाढांची. कडा गोल घासून देईन, गालाला लागू देणार नाही.

डॉक्टर : करा. माझ्या मापावर, माझ्या सहीच्या कागदावर. एकच.

बाबा : एकच.

डॉक्टर : हा निळा माझ्याकडे राहील.

बाबा : राहू दे.

आई : डॉक्टर, त्यांना सांगा, कडा खरंच नीट घासायला. नुसतं बोलतात.

बाबा : मी इथेच बसलोय.

डॉक्टर : माप आत्ताच घेऊन टाकते. तिला आत बोलावते.

आई : मी थांबते शेजारी. मापाचा तो लगदा तोंडात भरला की तिला उमासे येतात. पाठीवरून हात फिरवला की बरं वाटतं.

बाबा : तिला पाठीवर हात आवडत नाही. हाताची बोटं धरायची असतात तिची. मी धरतो.

आई : तुला काय माहीत तिला काय आवडतं ते?

बाबा : तीन दिवस माझ्याकडे असते ती.

आई : अजून तरी असते.

बाबा : धमकी देतेस? इथे, मॅडमसमोर?

डॉक्टर : दोघंही बाहेर बसा.

आई : मी का? मी आई आहे तिची.

डॉक्टर : तिनंच सांगितलंय. म्हणाली, तोंडात माप असलं की मला मध्ये बोलून त्यांना थांबवता येत नाही.